दोन प्रकारची मेंदी

मला लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. आता हे मी सहज सांगतो, पण चाळिशी उलटेपर्यंत घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला माहीत होतं. लग्नाच्या बस्त्याला तिला हिरवी साडी हवी होती आणि मी मोठ्या विश्वासाने लाल उचलून दिली होती, तेव्हाच तिला कळलं.

त्याआधी पहूरच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला मी झाडाचं खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवली होती. गुरुजींनी चित्र वर्गाला दाखवून विचारलं, "याच्या झाडाला काय रोग झालाय रे?" वर्ग हसला. त्या दिवसापासून मी खडूंच्या पेटीतला क्रम पाठ करून ठेवला. डावीकडून तिसरा लाल, सहावा हिरवा. कुणी खडू इकडचा तिकडे केला की माझी पंचाईत व्हायची. लपवायची सवय मला तिथेच लागली.

शेतकी पदविका झाल्यावर धुळ्याजवळच्या एका कापूस संशोधन केंद्रात मला नोकरी लागली. डोळे तपासले, पण अक्षरांच्या तक्त्यावर. शेवटची ओळ मी धडाधड वाचली आणि पास झालो. कामाचं स्वरूप नंतर कळलं. आमच्या शेतात कापसाची शेकडो वाणं लावलेली असत, एका ओळीत एक. कुठलं सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून आणलेलं देशी, कुठलं दुसऱ्या राज्यातून आलेलं. प्रत्येक ओळीपुढे उभं राहून झाडाची उंची, फांद्या, पानावरची लव, बोंडाचा आकार हे सगळं फील्डबुकात लिहायचं. आणि त्याच पानावर खोडाचा रंग, पाकळीचा रंग, पाकळीच्या बुडाशी असलेला डाग. शिवाय लाल्या. कापसाची पानं अवेळी लाल पडायला लागतात त्याला आमच्याकडे लाल्या म्हणतात. बांधावरून जाणारं शेंबडं पोरही तो ओळखतं. मला तो दिसत नव्हता.

पहिल्या हंगामात मी अंदाजाने लिहिलं. पान जरा काळपट वाटलं तर लाल्या, नाहीतर निरोगी. एके सकाळी आमचे साहेब फील्डबुक घेऊन ओळीने चालत आले. एका ओळीपुढे थांबले, वहीत पाहिलं, ओळीकडे पाहिलं.

"ही ओळ निरोगी?"

मी मान डोलावली.

"अख्खी ओळ लाल झालीय. डोळे आहेत का बटणं लावलीत?"

"काल ऊन फार होतं, साहेब," मी काहीतरी बोललो.

साहेब पुढे गेले. शेजारच्या ओळीत बायका निंदणी करत होत्या. त्यातली एक विळा थांबवून माझ्याकडे बघत होती. पन्नाशीची असेल, दातांना मिश्री लावलेली, डोक्यावर पदर घट्ट आवळलेला. तिला सगळे अक्का म्हणत. नरडाण्याकडच्या गावातली होती. केंद्राच्या मागे मजुरांच्या खोल्या होत्या, तिथे राहायची आणि कामात कुणाचं ऐकून घ्यायची नाही. तिने त्या वेळी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन ओळीत शिरलो, तशी ती निंदता निंदता माझ्या शेजारी आली. दोन बोटांत कापसाचं एक पान धरून म्हणाली, "भाऊ, हाई पान कसं शे?"

"हिरवं," मी म्हणालो.

तिने दुसरं पान धरलं. "आनी हाई?"

मी थांबलो. दोन्ही सारखीच होती. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मना भाऊबी आसाच व्हता. हिरवी बोरं आनी पिकेल बोरं, त्याले बठ्ठं सारखंच. झाडवर चढी जाय आनी कच्ची बोरं तोडी लई ये."

इतक्या वर्षांत कुणी एका नजरेत ओळखलं नव्हतं. मी म्हणालो, "अक्का, साहेबांना सांगू नको."

"काब्र सांगू?" ती म्हणाली, म्हणजे कशाला सांगू. "तू लिख. मी सांगस."

असं ते सुरू झालं. रंगाच्या नोंदींचे दिवस आले की मी मुकादमाला सांगून अक्काला माझ्याबरोबर घ्यायचो, फूटपट्टी धरायला माणूस हवा म्हणून. ती फूटपट्टी धरायची आणि रंग बोलायची. पण तिचे शब्द पुस्तकातले नव्हते. पाकळी पांढरी असेल तर ती म्हणायची ताक. किंचित पिवळट असेल तर साय. पिवळी असेल तर हळद. खोड जांभळं असेल तर वांगं, लाल असेल तर कुंकू. कधी म्हणायची मेंदी. मी तेच लिहायचो, कारण वांगं म्हणजे जांभळा लिहावा की लाल, हे ठरवायला मला तो रंग दिसायला तर हवा! तिच्या शब्दाला हात लावला तर चूक होईल याची भीती होती. साहेबांनी एकदा वही वाचून विचारलं, "ही नोंदवही आहे का स्वयंपाकघर?" पण त्या वेळी रंगाला कुठले शब्द वापरायचे याची यादीच नव्हती. नोंदी आता चुकत नाहीत एवढं त्यांनी पाहिलं आणि सोडून दिलं.

अक्का गोड स्वभावाची होती असं मी म्हणणार नाही. ऊन वाढलं की ती चिडायची. मी एकाच ओळीचं दोनदा विचारलं तर म्हणायची, "कितला वेळ सांगू?" बाकीच्या बायका तिला चिडवत की अक्का आता साहेब झाली, त्याचाही राग ती माझ्यावरच काढायची. पण रंग सांगताना घाई करत नसे. झाड आपल्या सावलीत आलं तर बाजूला सरकायची. सूर्य डोक्यावर आला की म्हणायची, आता नको, आता सगळं सारखं दिसतं, संध्याकाळी पाहू. मला ते सगळं कायमच सारखं दिसायचं, पण मी वही मिटायचो.

बारा-तेरा हंगाम असे गेले. मग तिचे गुडघे गेले आणि ती काम सोडून मुलाकडे गावी राहायला गेली. जाताना मला म्हणाली, "आते काय करशी?" मी म्हणालो, बघतो.

पुढची दोन वर्षं मी कशी काढली ते सांगायला नको. जो मजूर शेजारी असेल त्याला सहज विचारल्यासारखं विचारायचो, "काय रंग आहे रे हा?" कुणी तांबडा म्हणायचा, कुणी चॉकलेटी, कुणी "तुमालेच माहीत, भाऊ" म्हणून हसायचा. मी लिहीत गेलो.

आणि मग पुण्याहून मॅडम आल्या.

देशभरातल्या कापूस केंद्रांच्या जुन्या नोंदी एकत्र करायच्या, म्हणजे एका ठिकाणचा अभ्यास दुसऱ्याला वापरता येईल, असं ते काम होतं. मॅडम तिशीच्या असतील. केंद्राच्या व्हरांड्यात टेबल मांडून, लॅपटॉप आणि आमच्या फील्डबुकांची चळत घेऊन त्या बसल्या. पहिल्या दिवशी मला बोलावून त्यांनी विचारलं, "तुम्ही झाडाची उंची कुठून मोजता?"

"जमिनीपासून नाही मोजत, मॅडम. मातीची भर लागते, त्याने फरक पडतो. बी उगवल्यावर पहिली दोन पानं येतात, ती गळतात तिथे खूण राहते. तिथून शेंड्यापर्यंत."

"हे वहीत कुठे लिहिलंय?"

लिहिलेलं नव्हतं. आम्हाला माहीत होतं, म्हणून लिहिलं नव्हतं.

"हाच तर प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "एका केंद्रावर जमिनीपासून मोजतात, तुम्ही खुणेपासून. दोघांच्या रकान्यावर नाव एकच, उंची. कॉम्प्युटर दोन्ही आकडे शेजारी ठेवतो आणि आपण म्हणतो, धुळ्याचा कापूस बुटका." लाल्याची तर तऱ्हाच होती. आम्ही कमी, मध्यम, जास्त असं लिहायचो. दुसरीकडे शून्य ते चार. आणखी कुठे शंभर पानांत किती पानं लाल. कुणी तो रोगात घातलेला, कुणी पानाच्या रंगात. मॅडमच्या यादीत प्रत्येक गोष्टीला एक ठरलेलं नाव होतं आणि त्या नावाखाली तीन प्रश्न: काय पाहिलं, कसं पाहिलं, कशात मोजलं. जुन्या नोंदी या तीन प्रश्नांत बसवत जायचं.

चौथ्या दिवशी त्या रंगांवर आल्या. आमच्या वह्या कुणीतरी मागेच इंग्रजी अक्षरांत एक्सेलमध्ये चढवल्या होत्या. मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे 'टाक' काय आहे? मला वाटलं टायपिंगची चूक आहे. पण शेकडो वेळा आहे."

"ताक," मी म्हणालो. "प्यायचं ताक."

मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्याही, पण मग शब्द लिहून घेतला. साय, हळद, वांगं, कुंकू, सगळे लिहून घेतले. दुपारभर वह्या चाळत राहिल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "एक विचारू? मी आजवर पाहिलेल्या केंद्रांत रंगाच्या नोंदी सगळ्यात गचाळ असतात. तुमच्या नाहीत. तेच वाण पाच वर्षांनी पुन्हा लावलंय, तर पुन्हा साय. सहा वर्षांनी पुन्हा साय. पण गेल्या दोन हंगामांत सगळं बिघडलंय. असं काय झालं?"

मी म्हणालो, "कामाचा ताण होता."

त्यांनी मान हलवली. "ठीक आहे. उद्या सकाळी आपण तिघं जण, तुम्ही, मी आणि दुसरे सहायक, हा रंगतक्ता घेऊन त्याच वीस ओळी वेगवेगळ्या पाहू. कोणाचं किती जुळतं ते कळेल."

त्यांच्या हातात रंगांच्या चौकोनांचं एक कार्ड होतं. मी ते पाहिलं. त्यातले निम्मे चौकोन मला एकच वाटत होते.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी शेतावर गेलो. मॅडम आल्या तेव्हा दुसरे सहायक अजून यायचे होते. पाण्याच्या हौदाजवळ मी त्यांना थांबवलं आणि सांगून टाकलं. रंगाचं, पहिल्या हंगामातल्या अंदाजांचं, अक्काचं, गेल्या दोन वर्षांचं, सगळं. बोलताना माझा आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला होता. नोकरी जाईल असं मला खरंच वाटत होतं.

मग त्यांनी विचारलं, "म्हणजे ती बारा-तेरा वर्षं रंग एकाच माणसाने पाहिलेत?"

"हो."

"एकाच नजरेने, आणि तुम्ही त्यात काही बदललं नाही?"

"काही नाही. मला बदलताच येत नव्हतं."

"अहो, मग उत्तमच आहे की!" त्या म्हणाल्या. "'कसं पाहिलं' या रकान्यात हेच लिहायचं. एकाने पाहिलं, दुसऱ्याने लिहिलं. यात लाजण्यासारखं काय आहे? लाजण्यासारखा पहिला हंगाम आहे आणि ही शेवटची दोन वर्षं, तेवढी आपण काढून टाकू."

साहेबांकडेही त्या माझ्याबरोबर आल्या. हे नवे साहेब होते, बटणंवाले केव्हाच बदलून गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आधी सांगितलं असतंत तर तुम्हाला उंची-वजनावर ठेवलं असतं. एवढंच ना?" एवढंच होतं. त्यासाठी मी पंधरा वर्षं घाम गाळला होता.

आता प्रश्न राहिला अक्काच्या शब्दांचा. ताक, साय, हळद हे कार्डावरच्या कुठल्या चौकोनात बसतात ते तिलाच विचारायला हवं होतं. आणि एका शब्दावर मॅडम अडून बसल्या होत्या. "मेंदी म्हणजे कुठली? झाडाचं पान हिरवं असतं. हातावर रंगते ती लाल. खोड मेंदी आहे म्हणजे हिरवं की लाल?"

माझ्यासाठी मेंदीचं पान आणि मेंदीचा हात यांत फरक नव्हताच.

केंद्राची जीप घेऊन आम्ही नरडाण्याकडे निघालो. अक्का ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मला बघून उठायला लागली, गुडघ्याने उठू दिलं नाही. "ये भाऊ, ये," म्हणाली आणि मॅडमकडे बघून सुनेला हाक मारली, चहा ठेव म्हणून. कशासाठी आलो ते सांगितल्यावर तिने आधी मला विचारलं, "तू सांगी दिनं का यास्ले?"

"सांगितलं, अक्का."

"बरं करं," ती म्हणाली आणि शेंगांचं सूप बाजूला सारलं.

मॅडमनी कार्ड पुढे केलं. अक्काने ते हातात घेतलं, ओट्याच्या सावलीत धरून पाहिलं आणि परत दिलं. "अठे नही. उनमा चाला." मी तिला हात देऊन उठवलं आणि आम्ही अंगणात उन्हात गेलो. ताक कुठलं, असं विचारल्यावर तिने बोट ठेवलं. साय, तिथेही ठेवलं. मॅडमनी दहा मिनिटांनी मुद्दाम क्रम बदलून पुन्हा विचारलं. अक्काचं बोट त्याच चौकोनांवर गेलं आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हाई बाई तुनासारखीच शे. दोन-दोनदाव इचारस." मी त्याचा अर्थ सांगितल्यावर मॅडम मोठ्याने हसल्या.

मग त्यांनी विचारलं, "आणि मेंदी?"

"कोनती मेंदी?" अक्का म्हणाली.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

अक्काने सुनेला बाहेर बोलावलं. ती नुकतीच भावाच्या लग्नाहून आली होती, हात अजून रंगलेले होते. अक्काने तिचा तळवा उन्हात उलटा केला. "हाई रंगेल मेंदी." मग तिच्याच आधाराने कुंपणापाशी गेली, मेंदीची डहाळी तोडून आणली, पान बोटांत चुरडलं. "आनी हाई वल्ली मेंदी. मी दोन येगळ्या सांगेल व्हत्यात, भाऊ. तू काय लिखं?"

मी काय लिहिलं होतं? फील्डबुकातला रकाना अरुंद होता. 'रंगेल' म्हणजे रंगलेली, 'वल्ली' म्हणजे ओली, हे मला कळत होतं, पण 'रंगेल मेंदी' त्यात मावत नसे. मी पहिला शब्द गाळून नुसतं मेंदी लिहिलं होतं, दोन्ही वेळा. तिच्या शब्दाला मी हात लावला नाही असं हौदापाशी छातीठोकपणे सांगितलं होतं, ते खरं नव्हतं. मला दोन्ही सारखेच, म्हणून मी ते सगळ्यांसाठीच सारखे करून टाकले होते.

मी ते तिथेच कबूल केलं. अक्का रागावेल असं वाटलं. तिने पानाचा चोळामोळा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "तुले दिसस नही, त्यामा तुना काय गुन्हा? पन माले इचारतास ना."

चहा घेऊन आम्ही निघालो. जीपमध्ये मॅडम म्हणाल्या, मेंदीच्या सगळ्या ओळींपुढे 'निश्चित नाही' असं लिहावं लागेल. किती ओळी होत्या ते मी मोजलं नाही, पण बऱ्याच होत्या. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. शिंदखेड्याचा फाटा मागे गेला तेव्हा मला आठवलं, फील्डबुक ही पक्की वही. शेतात उभ्याने मी आधी खिशातल्या छोट्या वहीत पेन्सिलीने लिहायचो आणि संध्याकाळी पक्क्यात उतरवायचो. त्या छोट्या वह्यांना रकाने नव्हते.

हंगाम संपला की त्या मी गावी नेऊन ठेवायचो, म्हणून रविवारी मी पहूरला गेलो. आईने माझी कुठलीही वही कधी टाकलेली नाही. माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली. अर्ध्या वह्यांना वाळवी लागली होती, हात लावला की पापडासारख्या तुटायच्या. पण सात हंगामांच्या शाबूत निघाल्या. त्यांत माझ्याच अक्षरात, अक्काने म्हटलं तसं, एकीकडे रंगेल मेंदी आणि एकीकडे वल्ली मेंदी. मी त्या ओट्यावर पसरून बसलो आणि आई विचारत राहिली, काय सापडलं रे एवढं?

सात हंगाम दुरुस्त झाले. बाकीच्यांपुढे 'निश्चित नाही' हेच राहिलं, ते आता कुणाला दुरुस्त करता येणार नाही. मॅडमनी त्याबद्दल मला कधी ऐकवलं नाही. एवढंच म्हणाल्या, जे माहीत नाही ते माहीत नाही असं लिहिलं तर पुढचा माणूस फसत नाही. आमच्या केंद्राच्या नोंदी त्या सामायिक यादीप्रमाणे लागल्या आणि इतरांच्या शेजारी जाऊन बसल्या. 'कसं पाहिलं' याखाली 'कोणी पाहिलं' यात अक्काचं नाव आहे. 'कोणी लिहिलं' यात माझं. हे मी तिला फोनवर सांगितलं, तर तिने विचारलं, "आते तठे कोन रंग सांगस?"

आता एक नवी सहायक मुलगी आलीय, चाळीसगावची. पहिल्याच दिवशी मी तिला सांगून टाकलं की मला रंग दिसत नाहीत, ते तुझं काम. ती जराशी गडबडली, मग म्हणाली, "चालेल, सर, मग उंची तुम्ही घ्या. मला वाकून वाकून कंटाळा येतो." ती कार्ड घेऊन रंग पाहते. मी मोजपट्टी घेऊन पुढे चालतो. पानावरची लव मी बोटाने आणि भिंगाने दोन्हीकडून तपासतो आणि त्यात माझा हात धरणारं केंद्रावर कुणी नाही, हे मी थोड्या अभिमानाने सांगतो.

गेल्या महिन्यात शिरपूरला एका कार्यक्रमाला गेलो होतो, तेव्हा परतताना वाट वाकडी करून अक्काकडे थांबलो. तिने सुनेला कळण्याची भाकरी टाकायला सांगितली आणि खायला बसवलंच. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. सोबत ठेचा होता. मी विचारण्याआधीच अक्काने तो हिरव्या मिरचीचा की लाल, हे सांगितलं आणि वर म्हणाली, बेताने खा, तिखट शे. मी दोन भाकरी खाल्ल्या. निघताना तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, "येत जाय." मी म्हणालो, येईन.